थ्रिलरची सुरुवात करताना या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडची पोरं शॉर्ट फिल्म एडिटला आणतात, निम्म्या थ्रिलर असतात आणि प्रत्येकीत तीच चूक, पहिल्या सेकंदापासून धाडधाड म्युझिक. अरे भाऊ, अजून काही घडलंच नाही तर घाबरायचं कशाला?

मागच्या हिवाळ्यात एका ग्रुपने यावलकडे केळीच्या बागेत रात्री शूट केलं. शेतकरी बॅटरी घेऊन चाललाय, मागे सावली, वरून कान फाटेल असं म्युझिक. भरीत पार्टीला गावात दाखवलं तर लोक मिनिटभरात परत भरीताकडे वळले. पोरं म्हणे अजून एक व्हायोलिन टाकू. मी म्युझिकचा ट्रॅकच उडवला. खाली त्यांच्याच रेकॉर्डिंगमधे विहिरीवरच्या मोटरची घरघर होती, ती वीस सेकंद नुसती चालू दिली आणि खटकन बंद. मग परत जाऊन स्टार्टर पेटीचा क्लोजअप घेतला, लाल पिवळा निळा तिन्ही दिवे चालू. म्हणजे लाईट आहे, मग मोटर थांबली कशी? ट्रिप झाली का कोणी बटन दाबलं? पुन्हा दाखवलं तेव्हा मागे बसलेले एक आबा हळूच बोलले, "आते काय व्हई?"

दुसरी चूक, सगळंच लपवायचं. प्रेक्षकाला काहीच माहीत नसेल तर तो वाट कशाची बघेल? हॉलिवूडचा दिग्दर्शक ऑर्सन वेल्स, त्याच्या 1958 च्या 'टच ऑफ ईव्हिल' या फिल्ममधे सुरुवातीलाच एक हात बॉम्बला टायमर लावतो, बॉम्ब गाडीच्या डिक्कीत जातो, आणि मग तीन मिनिटांच्या वर एकही कट नाही. गाडीतल्यांना पत्ता नाही, आपल्याला आहे, सगळा ताण तिथेच. 1998 ला वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या जुन्या मेमोवरून फिल्म परत एडिट झाली तेव्हा या शॉटवरची टायटलं आणि म्युझिक काढून रस्त्यावरचे, गाडीतल्या रेडिओचे आवाज ठेवले. दोन्ही लागोपाठ बघा, रेडीमेड साउंड पॅक डाउनलोड करायच्या आधी बघा, पण एवढा धीर कोणाला नसतो याचंच वाईट वाटतं.

अंधार म्हणजे काळी स्क्रीन नाही, एक तरी दिवा फ्रेममधे ठेवा. ड्रोनने सुरुवात नको, वरून अख्खी बाग दिसली की लपायला जागा कुठे उरली? "ते स्वप्न होतं" तर अजिबात नको.

आणि कट करायची घाई. मी कट मारायच्या आधी मनात पाच मोजतो, पाचला शॉट जड वाटायला लागला तरी अजून दोन थांबतो.