ऑनलाइन पोकर खेळणाऱ्यांनी कार्डरूममध्ये पहिल्यांदा जाताना: टेबलावरचे शिष्टाचार

ऑनलाइन खेळताना नियम सांभाळायचे काम सॉफ्टवेअर करते. पाळी नसेल तर बटणेच दिसत नाहीत, किमान रेझपेक्षा (लावलेल्या रकमेतल्या वाढीपेक्षा) कमी रक्कम टाकता येत नाही, जिंकणारे पत्ते चुकून फेकले जात नाहीत आणि पॉटची (डावात लागलेल्या एकूण रकमेची) बेरीज सतत समोर असते. कार्डरूममध्ये, म्हणजे प्रत्यक्ष टेबलावर पोकर खेळतात तिथे, हे सगळे खेळाडूने स्वतः सांभाळायचे असते. तिथल्या शिष्टाचारात नुसत्या सभ्यतेचा भाग थोडा आहे. तुम्ही काय केलेत ते डीलरला आणि टेबलावरच्या प्रत्येकाला लगेच आणि निःसंशय कळावे, हा त्यातला मोठा भाग. हे सांभाळलेत तर पहिल्या दिवशी बाकीच्या बारीकसारीक चुका कुणी मनावर घेत नाही.

खालची माहिती नो-लिमिट होल्डेमच्या (प्रत्येकाला दोन पत्ते आणि बेटेला वरची मर्यादा नाही, असा पोकरचा प्रकार) कॅश गेमसाठी, म्हणजे चिप्सना थेट पैशांची किंमत असलेल्या खेळासाठी आहे. स्पर्धेत जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे. प्रत्येक कार्डरूमचे स्वतःचे काही नियम असतात आणि वाद झाला तर तेच चालतात.

बसण्याआधी

फोटो असलेले ओळखपत्र सोबत ठेवा. आत गेल्यावर थेट रिकाम्या खुर्चीवर बसू नका. आधी नोंदणीच्या टेबलाशी जाऊन कोणता खेळ आणि कोणते ब्लाइंड (दर डावाला दोन खेळाडूंनी सक्तीने भरायची लहान आणि मोठी, म्हणजे बिग, रक्कम) हवेत ते सांगा, नाव यादीत घाला आणि हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर थांबा. हाक मारल्यावर जागेवर नसाल तर नाव खाली जाते किंवा कापले जाते.

तिथेच चार गोष्टी विचारून घ्या. बाय-इन (बसताना घ्यायच्या चिप्सची रक्कम) कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती? रेक (कार्डरूमचा मोबदला) प्रत्येक पॉटमधून कापतात की ठरावीक वेळाने दर खेळाडूकडून घेतात? चिप्स कॅशियरकडून घ्यायच्या की टेबलावरच मिळतात? नव्या खेळाडूला बसताच ब्लाइंड भरावा लागतो का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर काहीही असो, पहिल्या दिवशी तुमच्यावर बिग ब्लाइंड येईपर्यंत थांबणेच चांगले. तेवढ्या वेळात लोक कसे बोलतात, चिप्स कुठे ठेवतात, डीलर किती वेगाने वाटतो ते दिसते.

टेबलावर आणलेल्या चिप्स उठेपर्यंत टेबलावरच राहतात. जिंकलेल्यातल्या थोड्या खिशात टाकून उरलेल्यांवर खेळणे हा गंभीर नियमभंग धरला जातो, कारण ज्याने त्या गमावल्या त्याला त्या परत जिंकायची संधी उरत नाही. आणखी चिप्स घेता येतात, पण दोन डावांच्या मध्ये. पत्ते हातात असताना नाही.

पत्ते आणि चिप्स कशा ठेवाव्यात

पत्ते टेबलावरून उचलू नका. एका हाताच्या तळव्याने आडोसा करा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दोन्ही पत्त्यांचे कोपरे जेमतेम वर करून पाहा. छातीशी धरलेले पत्ते शेजाऱ्याला दिसतात. त्याने पाहायचे नाही म्हटले तरी त्याची अडचण होते.

पाहून झाले की पत्त्यांवर एखादी चिप ठेवा. हे काम महत्त्वाचे आहे, विशेषतः डीलरच्या लगत बसला असाल तर. चिप न ठेवलेल्या पत्त्यांवर दुसऱ्याचे टाकलेले पत्ते येऊन आदळले किंवा डीलरने ते टाकून दिलेले समजून ओढून घेतले, तर बहुतेक ठिकाणी तुमचा डाव संपतो. पत्ते सांभाळणे ही खेळाडूची जबाबदारी मानली जाते.

चिप्स रंगानुसार, वीस-वीसच्या गठ्ठ्यांत रचा. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे किंवा वर, सर्वांना दिसतील अशा ठेवा. लहान चिप्समागे मोठ्या लपवल्या तर समोरचा तुमच्याकडे किती आहे याचा चुकीचा अंदाज बांधतो. नवख्याकडून हे नकळत घडते, पण दुसऱ्याला ते फसवणुकीसारखे वाटते.

बेट लावताना

पहिल्या दिवशीच्या बहुतांश चुका इथे होतात. त्यावरचा उपाय एकच: चिप्सना हात लावण्याआधी तोंडाने सांगा. ‘कॉल’ (समोरच्या बेटेएवढी रक्कम भरणे), ‘रेझ’ (ती वाढवणे), ‘चेक’ (काही न लावता पाळी पुढे देणे), ‘फोल्ड’ (पत्ते टाकून डाव सोडणे), ‘ऑल-इन’ (सगळ्या चिप्स लावणे). पाळी आल्यावर स्पष्ट उच्चारलेला शब्द बांधील असतो, मग चिप्स हळू गेल्या काय आणि चुकीच्या गेल्या काय. न बोलता खेळलात तर पुढचे नियम तुमच्या चिप्सचा अर्थ लावतात.

एकटी मोठी चिप. ब्लाइंड १ आणि २ आहेत. तुम्हाला २५पर्यंत रेझ करायचे आहे म्हणून २५ची एक चिप गुपचूप पुढे सरकवली. हा रेझ होत नाही, २चा कॉल होतो आणि २३ परत मिळतात. फ्लॉपनंतर (टेबलावर पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर) आधी कुणीच बेट लावलेली नसेल तर मात्र तीच चिप पूर्ण २५ची बेट ठरते. दोन चिप्सचेही असेच: समोर ४०ची बेट असताना २५च्या दोन टाकल्या तर कॉल, कारण एक काढली तर कॉलपुरतेही उरत नाही.

तुकड्यातुकड्याने बेट. कॉलपुरत्या चिप्स पुढे ठेवायच्या, मग हात मागे नेऊन आणखी आणायच्या, याला स्ट्रिंग बेट म्हणतात आणि ती चालत नाही. पहिल्या फेऱ्यातले तेवढेच धरले जाते. कारण उघड आहे: पहिल्या चिप्सवर समोरच्याचा चेहरा वाचून मग रेझ करायचे की नाही ते ठरवता आले असते. ‘तुमचे दहा कॉल, आणि वर आणखी तीस’ हे सिनेमात दिसणारे वाक्यही याच कारणाने चालत नाही. ‘कॉल’ म्हटले की कॉलच झाला. आधी ‘रेझ’ म्हणा. मग आकडा सांगा, किंवा सगळ्या चिप्स एकाच हालचालीत पुढे ठेवा.

कमी पडलेला रेझ. कुणी २च्या ब्लाइंडवर १०पर्यंत रेझ केला. वाढ ८ची झाली, म्हणजे पुढचा किमान रेझ १८पर्यंत. तुम्ही काही न बोलता १५ टाकले तर काय? अनेक ठिकाणी किमान वाढीच्या निम्मी रक्कम गेली असेल, म्हणजे इथे १४ किंवा जास्त, तर १८ पूर्ण करावे लागतात. त्यापेक्षा कमी असेल तर तो कॉल धरतात. हा हिशेब आतापर्यंत सॉफ्टवेअर करत होते. जमत नसेल तर डीलरला ‘किमान रेझ किती?’ असे विचारा, त्यात काहीही गैर नाही.

आकडा नेहमी एकूण सांगा: ‘रेझ, एकूण तीस’. नुसते ‘वीसने’ म्हटले की वीसपर्यंत की वीस जास्त, यावर थांबावे लागते. चिप्स तुमच्यासमोर, रेषा आखलेली असेल तर रेषेच्या पलीकडे, नीट रचून ठेवा. पॉटमध्ये भिरकावू नका. मिसळल्या की तुम्ही किती टाकले ते कुणालाच मोजता येत नाही. ऑल-इन करताना सगळे गठ्ठे मध्यभागी लोटायचीही गरज नाही. शब्द पुरेसा आहे, कॉल झाला की डीलर मोजतो. पॉटमधून स्वतःच सुटे काढून घेऊ नका, आणि दुसऱ्याच्या चिप्सना कधीच हात लावू नका.

टेबलावर बोटांनी किंवा मुठीने टकटक केले की चेक होतो. पाळी आल्यावर विचार करताना बोटे वाजवायची सवय असेल तर ती आवरा, डीलर पुढच्याकडे वळलेला असेल.

पाळी आणि वेग

तुमच्या उजवीकडच्याने खेळी पूर्ण करेपर्यंत काहीही करू नका. ऑनलाइन आधीच ‘फोल्ड’वर टिचकी मारून ठेवता येते, इथे आधीच पत्ते टाकले तर तुमच्याआधी पाळी असलेल्यांना फुकट माहिती मिळते. समजा तिघे उरलेत, पहिला बेट लावायच्या विचारात आहे आणि तिसरा आधीच पत्ते टाकून मोकळा झाला. पहिल्याला आता एकाचीच चिंता उरली, आणि मधल्याचे त्यात नुकसान झाले. पाळी नसताना केलेली खेळी मधल्यांनी काही बदलले नाही तर तुमच्यावर बांधीलही राहू शकते. चेक करता येत असताना फोल्ड करणेही याच कारणाने टाळावे.

कार्डरूममध्ये तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. ऑनलाइन एकाच टेबलावर याच्या दुप्पट किंवा जास्त होतात, आणि तुम्ही चार टेबले उघडत असाल तर हा वेग फारच संथ वाटेल. मग हात फोनकडे जातो. पत्ते हातात असताना फोन बाजूला ठेवा, अनेक ठिकाणी तसा नियमच आहे. रेंजचे (कोणते पत्ते खेळावेत याचे) तक्ते किंवा सॉल्व्हर (योग्य खेळी काढून देणारे सॉफ्टवेअर) टेबलावर उघडणे तर सहसा खपत नाही. हेडफोन चालतात, पण डाव सुरू असताना एक कान मोकळा ठेवा. ‘रेझ’ ऐकू आला नाही आणि तुम्ही कॉलच्या चिप्स टाकल्या, ही सबब फार वेळा मान्य होत नाही.

मोठ्या निर्णयाला वेळ घ्या, कुणाची हरकत नसते. साध्या फोल्डला अर्धे मिनिट घेणे मात्र सगळ्यांना खटकते. फार उशीर झाल्यास कुणीही ‘क्लॉक’ मागू शकतो. मग फ्लोअरवरचा माणूस (खेळावर देखरेख करणारा कर्मचारी) येऊन ठरावीक वेळ देतो आणि समोर बेट असताना तो संपला की तुमचे पत्ते बाद होतात.

डाव सुरू असताना बोलणे

एका डावावर एकाच खेळाडूचा निर्णय, हा पोकरचा जुना नियम आहे. शेजाऱ्याला पत्ते दाखवून सल्ला मागू नका, देऊही नका. तुम्ही फोल्ड केले असले तरी डाव संपेपर्यंत त्यावर बोलू नका. फ्लॉपवर दोन सत्ते आले आणि तुम्ही सत्ता टाकलेला असेल तर ‘अरेरे’ एवढा उद्गारही सांगून जातो की आता एकच सत्ता शिल्लक आहे. टाकलेले पत्ते एकाला दाखवलेत तर सर्वांना दाखवावे लागतात.

बऱ्याच कार्डरूममध्ये डाव चालू असताना ठरलेल्या भाषेतच बोलावे लागते. ओळखीचा मित्र त्याच टेबलावर असेल तर मराठीत दोन शब्द बोलायचा मोह होतो. विषय जेवणाचा का असेना, ज्यांना भाषा कळत नाही त्यांना तुम्ही पत्ते सांगताय असे वाटू शकते. दोन डावांच्या मध्ये बोला.

आणि कच्च्या खेळाडूला शिकवू नका. तो चुकीचा कॉल करून जिंकला तर ‘छान’ म्हणा किंवा गप्प राहा. चॅटमध्ये लिहिलेला टोमणा विरून जातो. इथे तो माणूस हातभर अंतरावर बसलेला असतो आणि टेबलाचे वातावरण उरलेल्या वेळेपुरते बिघडते.

शोडाउन

रिव्हरवर (पाचवा, शेवटचा सामाईक पत्ता उघडल्यावर) शेवटची बेट किंवा रेझ करणाऱ्याने पत्ते आधी दाखवायचे. रिव्हरवर बेट झालीच नसेल तर डीलर बटणाच्या (दर डावाला एक जागा पुढे सरकणाऱ्या खुणेच्या) डावीकडचा, डावात असलेला पहिला खेळाडू आधी दाखवतो. दोघेही एकमेकांची वाट पाहत बसण्यापेक्षा जिंकेल असा डाव असेल तर पाळी नसतानाही लगेच दाखवा. जिंकलेला डाव माहीत असून सावकाश, समोरच्याला जिंकल्यासारखे वाटू देत उघडणे याला स्लो रोल म्हणतात. त्यावर दंड क्वचितच होतो, पण टेबलावर याहून अप्रिय गोष्ट दुसरी नाही.

जिंकण्यासाठी दोन्ही पत्ते उताणे टेबलावर ठेवावे लागतात, खेळात एकच वापरला असला तरी. मोठ्याने जाहीर केलेल्या डावाला किंमत नाही, उघडलेल्या पत्त्यांना आहे. म्हणून शंका असेल तेव्हा उघडा आणि डीलरला वाचू द्या. तुमच्याकडे १०-८ आहे, टेबलावर ६-७-९-१०-राणी. दहाची जोडी लगेच दिसते, सहा ते दहाची स्ट्रेट (सलग पाच पत्ते) नजरेतून सुटते. समोरच्याने राणीची जोडी दाखवली, तुम्ही निराश होऊन पत्ते पालथे सरकवले, की पॉट गेला. ऑनलाइन हीच चूक अशक्य असते, त्यामुळे डाव वाचायची सवय अनेकांना लागलेलीच नसते. जिंकल्यावरही पॉट प्रत्यक्ष तुमच्याकडे सरकेपर्यंत पत्ते सोडू नका.

हरलेल्याचे पत्ते पाहायला मागणे काही ठिकाणी नियमात बसते, पण ती सोय संगनमताचा संशय आल्यास वापरायची आहे. कुतूहलापोटी मागू नका. पुढचा पत्ता कोणता आला असता तेही विचारू नका.

डीलर आणि फ्लोअर

पत्ते टाकताना पालथे, टेबलालगत, डीलरच्या दिशेने सरकवा. हवेत उडवले तर ते उघडतात किंवा खाली पडतात. वाईट पत्त्यांचा राग डीलरवर काढणे हा सरळसरळ अन्याय आहे, तो फक्त वाटतो. टिप द्यायची की नाही हे जागेवर अवलंबून आहे. कुठे डीलरच्या मिळकतीचा मोठा भाग त्यातून येतो, कुठे टिप घेतच नाहीत. नोंदणीच्या वेळीच विचारा.

डीलरची चूक दिसली तर त्याच क्षणी, शांतपणे सांगा, तुम्ही डावात नसलात तरी. पॉट चुकीच्या माणसाकडे जात असेल तर पुढचा डाव सुरू होण्याआधी बोलायला हवे, नंतर दाद मिळत नाही. मतभेद झाल्यास ‘फ्लोअर’ म्हणून हाक द्या. आलेल्या माणसाला घडले ते क्रमाने सांगा, मधे कुणाचे बोलणे तोडू नका, आणि निर्णय पटला नाही तरी खेळ पुढे चालू द्या.

उठताना

थोडा वेळ बाहेर जायचे असेल तर डीलरला सांगून जा, चिप्स टेबलावरच राहू द्या. चुकलेले ब्लाइंड परतल्यावर भरावे लागतात आणि फार वेळ गेल्यास जागा जाते. स्पर्धेत मात्र तुमचे ब्लाइंड जातच राहतात, आणि सुरुवातीचे पत्ते वाटून होईपर्यंत जागेवर नसाल तर तो डाव बाद होतो.

कायमचे उठायचे असेल तर जिंकलेले असोत वा हरलेले, कारण द्यायची गरज नाही. मोठा पॉट जिंकताक्षणी उठणे नियमात बसते, पण एखादी फेरी खेळून जाणे लोकांना बरे वाटते. चालू डाव संपू द्या, चिप्ससाठी रॅक मागा, एका रॅकमध्ये शंभर बसतात. लहान चिप्स खूप असतील तर टेबलावर कुणाला सुटे हवेत का विचारा, आणि इमारत सोडण्याआधी सगळ्या कॅशियरकडे वटवा. एका कार्डरूमच्या चिप्स दुसऱ्या ठिकाणी घेत नाहीत.