विकास आराखड्यावर हरकत-सूचना कशी नोंदवावी

शहराचा प्रारूप, म्हणजे मसुदा स्वरूपातला, विकास आराखडा तयार झाला की पेपरात आतल्या पानावर एक जाहीर सूचना येते. बारीक टाइप, कलमांचे आकडे, खाली आयुक्तांची किंवा मुख्याधिकाऱ्यांची सही. बहुतेक घरांत ती वाचली जात नाही. पण सोसायटीमागच्या मोकळ्या जागेवर शाळा होणार की इमारती, समोरचा ९ मीटरचा रस्ता १८ मीटरचा होताना कुणाची भिंत जाणार, गावाबाहेरची शेतजमीन रहिवास विभागात येणार की हरित विभागातच राहणार, हे सगळं त्या आराखड्यात ठरतं. एकदा ठरलं की साधारण २० वर्षं ते आपल्या डोक्यावर असतं. म्हणून ही सूचना निघाल्यावरचे काही आठवडे फार मोलाचे आहेत आणि ते वाया जाऊ नयेत अशी माझी कळकळ आहे.

‘आपण लिहून काय होणार?’ असं म्हणणाऱ्यांनी दोन उदाहरणं पाहावीत. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यातल्या चुकांवर आणि आरेच्या हिरव्या पट्ट्याबाबतच्या प्रस्तावावर इतका गदारोळ झाला, हरकतींचा इतका पाऊस पडला, की एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो नव्याने करायला लावला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. पुढे २०१५ मध्ये सरकारने तो आराखडा महापालिकेकडून आपल्याकडे घेतला, त्यात बदल झाले आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

हक्क कुणाला आणि मुदत किती

महाराष्ट्रात हे सगळं चालतं ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने. त्याच्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि लोकांकडून हरकती मागवल्या जातात. हरकत घ्यायला जमीनमालक असावंच लागतं, हा सर्रास पसरलेला गैरसमज आहे. कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतो. भाडेकरू, वस्तीत राहणारी बाई, शाळेत मुलं पाठवणारा पालक, ओढ्याकाठी भाजी लावणारा शेतकरी, कुणीही लिहू शकतो.

मुदत जाहीर सूचनेतच लिहिलेली असते. कुठे ३० दिवस मिळतात, कुठे ६०. दिवस राजपत्रात सूचना छापून आल्याच्या तारखेपासून मोजायचे, तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नकाशा आला त्या तारखेपासून नाही. मुदतवाढ मिळेल या आशेवर थांबू नका. ती कधी मिळते, कधी नाही, आणि मिळालीच तर शेवटच्या घटकेला जाहीर होते.

आधी आपली जागा नकाशावर शोधा

नकाशे महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या कार्यालयात भिंतीवर लावलेले असतात आणि हल्ली संकेतस्थळावरही टाकतात. संकेतस्थळावरचा नकाशा मोठा करून पाहिला की अक्षरं फाटतात, म्हणून एकदा तरी कार्यालयात जाऊन पाहाच. आराखड्याच्या प्रमाणित प्रती किंवा त्यातले उतारे वाजवी किमतीत विकत मिळावेत अशी कायद्यातच तरतूद आहे. आपल्या भागाची प्रत घेऊन ठेवा. तिला भाग नकाशा म्हणतात.

जाताना सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड बरोबर असू द्या. नकाशावर गल्लीचं नाव नसतं. असतो तो सर्व्हे नंबर, गट नंबर नाहीतर सिटी सर्व्हे नंबर. तो सापडला की रंग बघा. रंगांची सूची नकाशाच्या कडेला असते. पिवळा म्हणजे रहिवास, हिरव्या छटा शेती, बागा आणि मोकळ्या जागांसाठी. मग आपल्या जागेवरून किंवा शेजारून जाणाऱ्या रेषा बघा. प्रस्तावित रस्ते आणि रुंदीकरणाच्या रेषा विद्यमान रस्त्यांपेक्षा वेगळ्या खुणेने दाखवतात आणि रस्त्यावर रुंदी मीटरमध्ये लिहिलेली असते. आरक्षणाच्या, म्हणजे शाळा, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेल्या, जागेवर क्रमांक असतो. हा क्रमांक टिपून घ्या, कारण हरकतीत तोच लिहायचा आहे.

इथे बहुतेक जण थांबतात. आपलं घर वाचलं, चला. माझं म्हणणं असं, की अजून अर्धा तास तिथेच काढा आणि आणखी दोन गोष्टी मागून घ्या. एक म्हणजे विद्यमान जमीन वापर नकाशा. आज प्रत्यक्षात जागेवर काय आहे ते त्यात दाखवलेलं असतं आणि पुढचा सगळा आराखडा त्यावरच उभा राहतो. त्यात ओढा सुटला असेल, जुनी विहीर सुटली असेल, ४० वर्षांची वस्ती ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवली असेल, तर आराखड्यातल्या चुकीचं मूळ तिथे सापडतं. दुसरी गोष्ट म्हणजे आराखड्याचा अहवाल. आराखड्याच्या अखेरच्या वर्षी आपल्या भागाची लोकसंख्या किती धरली आहे, तिला शाळा, दवाखाने, मैदानं, बाजार यांसाठी किती हेक्टर हवेत आणि प्रस्तावित किती आहेत, याचे तक्ते त्यात असतात. मैदानाची तूट असलेल्या भागातलं मैदानाचं आरक्षण उठवलं जात असेल, तर तुमच्या हरकतीला सगळ्यात भक्कम आधार त्या तक्त्यातूनच मिळतो, तोही त्यांच्याच आकड्यांनी.

नदीकाठी राहत असाल तर पूररेषाही तपासा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत रहिवास विभाग दाखवला असेल तर ती गंभीर बाब आहे, मग जमीन कुणाचीही असो.

हरकत लिहिताना

छापील नमुने भराभर वाटले जातात. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे, तरी आरक्षण रद्द करावे’ अशा एकाच मजकुराखाली ५०० सह्या. संख्येचा दबाव पडतो हे खरं, पण सुनावणीत अशा ५०० अर्जांचा निकाल एकाच वाक्यात लागतो. एक नेमका अर्ज मात्र त्या टेबलावर उलगडून वाचावा लागतो. दोन्ही करा, पण नेमका अर्ज चुकवू नका.

त्यात जागेचा क्रमांक, आराखड्यात काय दाखवलं आहे, जागेवर प्रत्यक्षात काय आहे, त्याचा पुरावा आणि तुमची एकच स्पष्ट मागणी एवढं असलं की पुरे. नमुन्यादाखल एक मजकूर देतो (क्रमांक काल्पनिक आहेत):

‘प्रारूप विकास योजनेच्या सेक्टर २ मध्ये गट नं. ११८ मधून १५ मी. रुंदीचा प्रस्तावित रस्ता दाखवला आहे. हा रस्ता गटाच्या उत्तर हद्दीलगतच्या ओढ्यातून सुमारे ८० मी. जातो. ओढा मोजणी नकाशात दिसतो, मात्र विद्यमान जमीन वापर नकाशात दाखवलेला नाही. पावसाळ्यातील छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तरी ओढा विद्यमान जमीन वापर नकाशावर दाखवण्यात यावा आणि रस्त्याची आखणी सोबतच्या भाग नकाशावर खूण केल्याप्रमाणे दक्षिणेकडे सरकवण्यात यावी. मला समक्ष सुनावणीची संधी मिळावी.’

यात रडगाणं नाही, आरोप नाही आणि पर्याय दिलेला आहे. ‘रस्ता रद्द करा’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘रस्ता इथून न्या’ म्हणणाऱ्याचं ऐकलं जाण्याची शक्यता जास्त, कारण नियोजन करणाऱ्याला रस्ता कुठून तरी न्यायचाच असतो. तुमच्या इमारतीला मंजूर बांधकाम परवानगी आणि भोगवटा दाखला असूनही तिच्यावर आरक्षण पडलं असेल, तर ही दोन कागदपत्रं पहिल्यांदा जोडा, बाकी सगळं नंतर. विषय दोन असतील तर अर्जही दोन करा. एकाच अर्जात रस्ता, मैदान आणि कचरा डेपो कोंबला तर त्यातलं एखादं सुनावणीत हमखास गळून पडतं.

आणखी एक गोष्ट फार थोडे जण करतात. पटलेल्या प्रस्तावाच्या बाजूनेही लिहा. तुमच्या भागात दवाखान्याचं आरक्षण आलं असेल तर ‘हे कायम ठेवावे’ अशी सूचना द्या. आरक्षण उठवायला मालकाचा अर्ज हमखास येतो. ते राहावं म्हणून एकही अर्ज नसेल, तर सुनावणीत त्या दवाखान्याची बाजू मांडायला कुणीच नसतं.

अर्ज देणे आणि सुनावणी

अर्ज आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ऑनलाइन दिला तर पोच जपून ठेवा. पत्ता आणि मोबाइल नंबर ठळक लिहा, कारण सुनावणीचं पत्र त्यावरच येतं. पत्र न आल्याने कित्येकांची सुनावणी हुकते, तेव्हा मुदत संपल्यावर नगररचना विभागात अधूनमधून चौकशी करत राहा.

सुनावणी घेते कलम २८ खालची नियोजन समिती. महापालिका किंवा नगरपरिषद असेल तर तीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले, नगररचनेचं किंवा पर्यावरणाचं विशेष ज्ञान असलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. समोर शेकडो अर्ज असतात, तुमच्या वाट्याला काही मिनिटं येतात. खुर्चीवर बसल्या बसल्या भाग नकाशा उघडा, जागेवर बोट ठेवा, मागणी एका वाक्यात सांगा आणि मगच कारण द्या. आराखडा कुणी फिरवला, कोणत्या बिल्डरचं भलं झालं, हे बोलायची ही जागा नव्हे. संशय खरा असला तरी त्या पाच मिनिटांत तो सिद्ध होत नाही आणि वेळ मात्र जातो. जे बोलायचं ते लेखीही न्या आणि त्यावरही पोच घ्या. शेजारीपाजारी एकत्र गेलात तर बोलणारा एकच ठरवून ठेवा.

सुनावणीनंतर

समितीचा अहवाल येतो, त्यावर महापालिका निर्णय घेते आणि केलेल्या बदलांची यादी लोकांच्या माहितीसाठी प्रसिद्ध करते. तुमच्या अर्जावर समितीने काय शिफारस केली, तेही अहवालात असतं. दिसत नसेल तर आवक क्रमांक लिहून माहितीच्या अधिकारात मागा. ही यादी बारकाईने वाचाच. इतरांच्या हरकतींवरून झालेला एखादा बदल तुमच्या दारात येऊन पडलेला असू शकतो.

मग आराखडा शासनाकडे मंजुरीला जातो. शासनाला मोठे बदल करायचे असतील तर तेवढा भाग वगळून बाकीच्याला कलम ३१ खाली मंजुरी मिळते आणि वगळलेल्या भागावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. हे वगळलेले भाग ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट) क्रमांकाने ओळखले जातात. आराखडा मंजूर झाल्याची बातमी आली की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि इथेच फसतात. मैदानाचं आरक्षण कमी करून तिथे रहिवास विभाग असा बदल ईपीमध्ये असू शकतो. अधिसूचनेच्या सोबतचं परिशिष्ट उघडा, आपल्या गटाचे नंबर शोधा, आणि सापडले तर तोच अर्ज नव्या संदर्भाने पुन्हा द्या.

स्वतःच्या जमिनीवर जुनं आरक्षण असेल आणि अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत ती घेतली गेली नसेल, तर कलम १२७ खाली मालक किंवा हितसंबंधित व्यक्ती नोटीस देऊ शकते. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपुष्टात येतं. ही नोटीस वकिलाकडूनच द्या, कागदपत्रांत खोट राहिली तर सगळंच अडतं. शेजाऱ्यांसाठी याचीच दुसरी बाजू अशी, की ज्या मैदानासाठी तुम्ही भांडलात ते १० वर्षं नुसतं नकाशावर पडून राहिलं तर हातचं जाईल. म्हणून अंदाजपत्रकाच्या आधी दरवर्षी संपादनासाठी तरतुदीची मागणी नगरसेवकाकडे आणि आयुक्तांकडे लेखी करा.

अधल्यामधल्या बदलांवरही लक्ष ठेवा

सगळे बदल २० वर्षांनीच होतात असं नाही. कलम ३७ खाली मंजूर आराखड्यात मध्येच किरकोळ फेरबदल करता येतात. एखाद्या प्लॉटचा विभाग बदलायचा, आरक्षण सरकवायचं, रस्त्याची रुंदी बदलायची, तर त्यासाठीही राजपत्रात सूचना काढून एक महिन्याची मुदत द्यावी लागते. कायद्याच्या भाषेत तो किरकोळ बदल असतो, त्या गल्लीतल्या मुलांना मात्र तो खेळायची जागा गेल्यानंतर कळतो. महापालिकेच्या मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेवर असे विषय आधी येतात, तिथूनच सुगावा लागतो.

गोव्यातल्या वाचकांसाठी कायदा वेगळा आहे, नगर व ग्राम नियोजन कायदा, १९७४. तिथे एकेका जमिनीचा झोन बदलण्यावरून मोठा वाद झाला आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने कलम १७(२) खालचे नियम रद्दबातल ठरवले. झोन बदलण्याच्याच कलम ३९अ खालच्या प्रस्तावांवर मात्र ३० दिवसांत सूचना देता येतात. तुमच्या गावाचं नाव अशा प्रस्तावांच्या यादीत आलं तर सर्व्हे नंबर प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहा, फोटो काढा, आणि ग्रामसभेचा ठराव होईपर्यंत न थांबता स्वतःचा अर्ज मुदतीत देऊन टाका. ठराव झाला की त्याची प्रत मागाहून जोडा.