कथाकाराने पटकथेकडे वळताना, आणि तेथून परत येताना

कथा-कादंबऱ्या छापून आलेल्या लेखकाकडे पटकथेचे काम बहुधा न मागता येते. एखादा दिग्दर्शक दिवाळी अंकातली कथा वाचतो, फोन करतो आणि पटकथाही तुम्हीच लिहा असे सुचवतो. हा रस्ता आपल्याकडे जुना आहे. वि. स. खांडेकर यांनी 1936 साली मास्टर विनायक यांच्या ‘छाया’साठी लेखन केले, पुढे आणखी चित्रपट लिहिले, आणि 1959 साली ‘ययाति’ प्रसिद्ध केली. तेव्हा पटकथा स्वीकारणे म्हणजे कादंबरी सोडणे नव्हे. मात्र दोन्ही कामांची शिस्त वेगळी आहे आणि ती वेगवेगळी शिकावी लागते.

पहिल्या प्रयत्नासाठी शक्यतो लघुकथा निवडावी. ‘अर्धसत्य’ (1983) हा चित्रपट श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी लिहिला. कथेत एक माणूस आणि त्याचा एक पेच असतो, त्यामुळे पटकथाकाराला भर घालायला जागा उरते. कादंबरीत उलट कापाकापी करावी लागते, आणि स्वतःच्या कादंबरीवर कात्री चालवणे नवख्याला फार जड जाते. ‘सिंहासन’ (1979) मध्ये तर अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र आल्या. ते काम तेंडुलकरांच्या हातून झाले, मूळ लेखकाच्या नव्हे, आणि माझ्या मते अशा गुंतागुंतीच्या रूपांतरात दुसऱ्या लेखकाची तटस्थता उपयोगीच पडते.

खरी अडचण निवेदकाची असते. कथाकार आयुष्यभर ज्या आवाजावर विसंबलेला असतो, तो आवाज पटकथेत जवळजवळ नाहीसा होतो. समजा, कथेत वाक्य आहे: “तीस वर्षे झाली तरी सुमनला हे घर आपले वाटले नाही.” हे वाक्य कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि सुमनच्या तोंडी घातले तर ते भाषण होते. म्हणून असे लिहावे (‘अंतर्गत’ म्हणजे प्रसंग घराच्या आत घडतो):

अंतर्गत. स्वयंपाकघर. सकाळ.
भिंतीवर सासूबाईंचा फोटो, त्याला हार. सुमन कपाट उघडते. पुढे चांगल्या कपांची रांग आहे. ती मागे हात घालून कान तुटलेला कप काढते आणि त्यात स्वतःचा चहा ओतते.
मुलगी: अगं आई, हे एवढे कप आहेत की!
सुमन: ते त्यांचे आहेत.

मुलगी फोटोकडे पाहते. घराबद्दल एक शब्दही न बोलता तीस वर्षे कळली. आपल्या कथेची एक प्रत घेऊन ‘वाटले’, ‘आठवले’, ‘उमगले’ ही क्रियापदे अधोरेखित करावीत, आणि प्रत्येक ठिकाणी एखादी वस्तू, कृती किंवा अडखळलेला संवाद शोधावा. जिथे काहीच सापडत नाही, तो मजकूर बहुधा पटकथेतून गाळण्याजोगा असतो. तो कथेतच राहू द्यावा, कारण तिथे तो दुबळा नाही.

संवाद लिहिण्याआधी संपूर्ण गोष्टीची वनलाइन तयार करावी, म्हणजे प्रत्येक प्रसंगात काय घडते ते एका ओळीत मांडावे. प्रचलित मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट धरतात, त्यामुळे दोन तासांच्या चित्रपटाला एकशे वीसच्या आसपास पाने पुरतात. हा मजकूर दिग्दर्शक, कला-दिग्दर्शक, संकलक असे अनेक जण कामासाठी वाचणार असतात, म्हणून वर्णन वर्तमानकाळात आणि आटोपशीर असावे.

आता कराराविषयी सविस्तर लिहितो, कारण लेखकांचे नुकसान येथेच होते. सर्वप्रथम प्रकाशकाशी झालेला जुना करार काढून चित्रपटाचे हक्क आपल्याकडेच आहेत ना, हे पाहावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 19 नुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरले नाहीत तर, करारात वेगळे ठरले नसल्यास, ते संपुष्टात येतात. हे ‘वेगळे’ एखाद्या आडवळणाच्या कलमात लिहिलेले असते, ते शोधून वाचावे. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनात लेखकाचा वाटा राखला आहे. कथा, पटकथा आणि संवाद यांची श्रेयनामावली स्वतंत्र असते. ‘अर्धसत्य’चे हिंदी संवाद वसंत देव यांचे होते. आपले नाव कोणत्या श्रेयाखाली येणार, हे आधीच लिहून घ्यावे. मानधनाचे हप्ते वनलाइन, पहिला खर्डा आणि अंतिम खर्डा यांच्याशी जोडावेत, चित्रीकरण सुरू होण्याशी नव्हे. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्यत्व घेऊन प्रत्येक खर्डा नोंदवावा. त्या नोंदीने कॉपीराइट निर्माण होत नाही, तो लिहिताक्षणीच मिळालेला असतो, पण तारखेचा पुरावा राहतो.

चित्रपटात कथेचा विपर्यास झाला तर लेखक अगदीच निरुपाय नसतो. मन्नू भंडारी यांनी ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा 1986 साली दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 मधील लेखकाच्या विशेष अधिकाराचे, म्हणजे आपल्या कृतीचा विपर्यास रोखण्याच्या अधिकाराचे, महत्त्व स्पष्ट केले. हक्क विकल्यानंतरही हा अधिकार लेखकाकडे राहतो.

परतीच्या वाटेचा विचारही सही करतानाच करावा. लिहून झालेल्या अनेक पटकथा कधीच चित्रित होत नाहीत, आणि त्यातली गोष्ट कादंबरी म्हणून वाचकांपुढे यावी असे लेखकाला मनापासून वाटते. मूळ कल्पनेवर लिहिलेल्या पटकथेचे पुस्तकरूपाचे हक्क निर्मात्याला दिले असतील तर ते शक्य होत नाही, म्हणून ते स्पष्ट शब्दांत स्वतःकडे राखावेत. कादंबरी लिहायला घेतल्यावर मात्र पटकथा समोर ठेवू नये. ती समोर असली की प्रसंगामागून प्रसंग येत राहतात आणि निवेदक गप्पच राहतो. फक्त वनलाइन जवळ ठेवावी, आणि सुमनच्या कपाटातील त्या कपांविषयी निवेदकाला काय म्हणायचे आहे, तेथून पहिला परिच्छेद सुरू करावा.