बर्फ, गारा, दव, हिव: नाव चुकलं की इलाजही चुकतो, या चुका टाळा

आपल्या विदर्भात बर्फ पडत नाही. म्हंजे आभाळातून भुरभुरत येणारा तो हिमालयवाला बर्फ. पण त्याच्या घराण्यातले शब्द आपल्या बोलण्यात पायलीचे पन्नास आहेत, हिवाळा, हिव, हिवताप, हेमंत, तुषार, अन् त्यात आता मोबाईलनं भाषांतर करून दिलेले वेगळे. मी गावात ऑनलाइन अर्ज भरून देतो, लोकं दवाखान्याचे रिपोर्ट पण वाचायला घेऊन येतात, त्यामुळं कोणता शब्द कुठं घोळ घालतो ते रोजच दिसते. नुसता शब्द चुकला तं काही बिघडत नाही राजेहो, पण शब्दामागून इलाज चुकतो ना, तिथं खरी भानगड.

अर्जात "शेतात बर्फ पडला" लिहू नका

फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की लगेच स्टेटस पडतात, "आमच्या गावचं काश्मीर झालं". स्टेटसला काय लिहायचं ते लिहा. तलाठी किंवा कृषी सहायकाकडे देता त्या कागदावर मात्र गारपीटच लिहा, तारीख टाका, वेळ टाका, गट नंबर टाका. सरकारच्या आपत्तीच्या यादीत गारपीट वेगळी आहे, कडाक्याची थंडी वेगळी आहे, अन् बर्फवाली जी आपत्ती आहे ती डोंगरावरून बर्फाचा कडा कोसळतो त्याची, तिचा आपल्याशी काय संबंध! मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागते, तं पंचनाम्याच्या कागदात तेवढं तरी नीट उतरलं पाहिजे. विम्याचं म्हणाल तं कोणत्या हंगामात गारपीट धरली अन् कळवायची मुदत किती हे दर वर्षी बदलू शकते, ह्या वर्षीचं पत्रक पाहूनच बोला.

फरक का आहे ते पण समजून घ्या. हिम म्हंजे थंड ढगात वाफेचेच स्फटिक होतात, ते हलके असतात, अन् खालची हवाही थंड असली तरच जमिनीपर्यंत टिकतात. गार मात्र गरमीच्या दिवसात येते, विजा कडाडणाऱ्या उंच ढगात खालून जोराची हवा वर चढते, ती पाण्याच्या थेंबाला वर नेते, तो गोठतो, त्याच्यावर आणखी पाणी चढून गोठते, असा थरावर थर बसून हवेला पेलवेनासं झालं की गार दणकन खाली. म्हणून "एवढ्या उन्हात बर्फ कसा पडला" असं विचारायचं कामच नाही, तापलेली जमीन अन् वरची ओल हेच तं गारेचं भांडवल आहे.

संत्र्यावाल्यांची आणखी एक चूक. खाली पडलेली फळं मोजत बसतात, झाडाकडं पाहत नाहीत. गारेच्या माराने फांद्यांची साल फुटते अन् तिथून बुरशी शिरते. पडलेली फळं बगिच्याबाहेर काढा, मोडलेल्या फांद्या कापा, मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट लावा अन् झाडावर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा, म्हंजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. हे सगळं पंचनाम्याचे फोटो काढून झाल्यावर बरं का.

धुवारी, दव अन् गोठलेलं दव, तिघांले एकच औषध नका मारू

ह्याच्यावर जरा जास्त बोलतो, कारण तुरीचं सगळ्यात जास्त नुकसान इथं होते. "थंडीनं तूर गेली" एवढं एकच वाक्य घेऊन माणूस कृषी केंद्रात जातो अन् दुकानदार जे हाती येईल ते देतो, मग दोन दिवसांनी परत तेच.

धुवारी म्हंजे धुकं, ढगच जमिनीवर उतरल्यासारखा, पानं-फुलं तासन्‌तास ओली राहतात, ऊन लागत नाही, फुलगळ होते, बुरशी वाढते. इथं बुरशीनाशकाचा विषय येतो. साधं दव पडलं अन् उन्हानं उडून गेलं तं बहुतेक काहीच करायचं नसते. पण दव गोठलं, पानावर पांढरं साखरेसारखं दिसलं अन् दुपारी पान उकडल्यासारखं काळं पडलं, तं ती बुरशी नाही. पानाच्या आतलं पाणी गोठून पेशी फुटलेल्या असतात, त्याच्यावर कितीही फवारा, पैसेच जातील. दहिवर हा शब्द काही जण साध्या दवाले वापरतात अन् काही जण गोठलेल्याले, म्हणून दुकानात जाऊन दहिवर म्हणू नका, "दव गोठलं होतं" असं सरळ सांगा अन् पान हातात घेऊन जा.

आता लोकं म्हणतात, पेपरात तं पारा ४ होता, शून्याच्या खाली गेलाच नाही, मग गोठलं काहून? डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ पर्यंत उतरला होता, तोही शून्याच्या वरच. पण हवामान खात्याचं थर्मामीटर पेटीत असते, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंच. आभाळ निरभ्र, वारा पडलेला अशा रात्री जमीन अन् पानं आपली उष्णता वर सोडून देतात, अन् खोलगट वावरात थंड हवा साचते, तं पानाजवळचं तापमान पेटीतल्यापेक्षा बरंच खाली असते. चिखलदऱ्याले हिवाळ्यात गवत पांढरं होते अन् महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर "बर्फ पडला" अशी बातमी येते, ती पण ह्याच गोठलेल्या दवाची. आभाळातून तिथं काही पडलेलं नसते.

उपाय आदल्या दिवशीचा आहे. संध्याकाळी हलकं पाणी द्या, ओली जमीन रात्रभर ऊब धरून ठेवते. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, त्यानं थोडाफार फायदा होतो, पण वारा असला तं धूर दुसऱ्याच्याच वावरात. स्प्रिंकलर चालवणारे इथंच फसतात. पाणी गोठताना उष्णता सोडते म्हणून पीक वाचते, पण त्यासाठी तो सकाळी बर्फ विरघळेपर्यंत चालूच ठेवावा लागते, मधेच बंद पडला तं ओलं पान वाळता वाळता आणखी थंड होते. आपल्याकडची रात्रीची लाईन कधी जाईल ह्याचा भरवसा कोणी द्यावा? त्यापेक्षा संध्याकाळी सरीनं पाणी बरं. गंमत अशी की स्प्रिंकलरले आपण तुषार संच म्हणतो अन् संस्कृतात तुषार म्हंजे हिमच.

संत्र्याच्या फांद्या थंडीनं करपल्या तं लगेच कात्री लावू नका, नवी पालवी फुटू द्या, कुठपर्यंत वाळलं ते तेव्हाच कळते.

हिवताप म्हंजे हिवाळ्यातला ताप नाही

हिव म्हंजे अंगात भरणारी थंडी, शब्द हिमावरूनच आलेला. पण हिवताप म्हंजे मलेरिया, मच्छरानं येणारा, अन् त्याचा जोर पावसाळ्यात अन् त्याच्या मागून असते. गडचिरोलीत तं हा मोठाच प्रश्न आहे. "आता कुठं हिवाळा आहे, हिवताप कसा होईल" असं म्हणून घरी बसणारे मी पाहिले आहेत, अन् उलट हुडहुडी भरली की दुकानातून मलेरियाच्या गोळ्या आणून खाणारेही. दोघंही चूक. आशाताईकडं किंवा उपकेंद्रात रक्त तपासून घ्या, फॅल्सीपेरम म्हंजे मलेरियाचा जीवघेणा प्रकार निघाला तं उशीर महागात पडते.

हिमोग्लोबिनचं तं इचारूच नका. रिपोर्टवर हिमोग्लोबिन कमी आलं की आजीबाई म्हणतात, अंगात थंडावा कमी झाला. नाही ना आजी! ह्या हिमोचा बर्फाशी काडीचा संबंध नाही, तो ग्रीक भाषेतला रक्ताचा शब्द आहे, हिमोफिलिया, हिमोडायलिसिस सगळे त्यातलेच. दुसरीकडं आयुर्वेदात धान्यक हिम असते, तिथं हिम म्हंजे न उकळता थंड पाण्यात भिजवून काढलेलं औषध. भरडलेले धने सहापट पाण्यात रात्रभर ठेवायचे, सकाळी गाळायचे. कोणी उकळते, कोणी फ्रीजरमध्ये टाकते, दोन्हीची गरज नाही.

अन् गावांच्या नावाचं पण सांगून टाकतो, हिवरा, हिवरखेड अशी नावं पाहून तिथं थंडी जास्त असेल असं समजू नका, हिवर नावाचं काटेरी झाड असते.

बर्फ लावण्याच्या चुका

भाजलं की लगेच बर्फ, हे बंद करा. भाजलेल्यावर साधं वाहतं पाणी २० मिनिटं, बर्फानं कातडीचं आणखी नुकसान होते. मुरगळल्यावर बर्फ चालते, पण फडक्यात गुंडाळून, एका वेळी १५-२० मिनिटं. सिकलसेलचा, म्हंजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, पेशंट दुखण्यानं तळमळत असला तं त्याले बर्फ अजिबात नको, थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात अन् दुखणं वाढते, त्याले उबदार ठेवा, पाणी पाजा अन् दवाखाना गाठा. आपल्या भागात सिकलसेल घरोघरी माहीत आहे, तरी ही चूक होतेच. साप चावला तं बर्फ नाही, चिरा नाही, घट्ट बांधणं नाही, १०८ लावा. हिमदंश ह्या शब्दात दंश आहे म्हणून तो साप-विंचवातला नाही, अति थंडीनं बोटं-नाक गोठतात त्याले म्हणतात, अन् तिथंही चोळायचं नसते.

रिपोर्टातला "स्नो"

सोनोग्राफीच्या कागदावर "स्नोस्टॉर्म" दिसलं की मोबाईल त्याचं हिमवादळ करून देते अन् घरचे घाबरतात किंवा हसतात. तो डॉक्टरांचा चित्र सांगायचा शब्द आहे, पडद्यावर सगळीकडं पांढरे ठिपके दिसतात म्हणून, अन् बहुतेक वेळा त्याचा इशारा द्राक्षगर्भाकडं असते. त्याच्यात गर्भ नीट वाढत नाही अन् उपचार लवकर लागतात, म्हणून हसण्यावारी नका नेऊ. "स्नोफ्लेक" मोतीबिंदू शुगर फार वाढलेल्या तरुण पेशंटमध्ये दिसू शकते, तिथं डोळ्याबरोबर शुगरही पाहावी लागते. अन् एखाद्याले डोळ्यासमोर सतत बारीक ठिपके वळवळताना दिसतात, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेल्यावर यायचे तसे, त्याले डॉक्टर व्हिज्युअल स्नो म्हणतात. आपण त्या टीव्हीवाल्याले मुंग्याच म्हणायचो, पण डॉक्टरपुढं "डोळ्याले मुंग्या येतात" म्हटलं तं ते बधिरपणा समजून भलतीकडंच तपासत बसतील. "ठिपके दिसतात, दोन्ही डोळ्यांनी, डोळे मिटले तरी" किंवा जे काय असेल ते तसंच्या तसं सांगा, अन् कधीपासून तेही.