काटा कुठे चढतो, ते आधी पाहा

जुनी गाडी कधी तापते, कधी नाही, म्हणून लगेच रेडिएटर बदलायला निघू नका. आठवडाभर फक्त डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कुठे चढतो ते पाहा. सायनच्या ट्रॅफिकमध्ये चढला आणि ईस्टर्न फ्रीवेवर वारा लागताच उतरला, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर. इंजिन चालू ठेवून एसी लावा, बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरायला हवा. हात मात्र लांब ठेवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच) आणि पंख्याचा प्लग बघा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत प्लगच्या पिनांवर हिरवट थर चढतो. माझ्या गाडीत नेमकं तेच होतं: प्लग दाबला की पंखा चालू, खड्डा लागला की बंद.

उलट वेगात किंवा घाट चढताना तापत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) अडकतोय किंवा रेडिएटर चोंदलाय.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सकाळी, थंड इंजिनावर तपासा. सारखं कमी होत असेल तर गळती शोधा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, अगदी कळकळीने सांगतोय. दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. रस्त्यात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर फुल, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद.