लाल दिव्यावरची दोन पानं

चित्रपट रसग्रहणाच्या वर्गात मी दिलेलं पहिलं टिपण एका मालिकेतल्या सहा मिनिटांच्या प्रसंगावर होतं. दोन भाऊ घराच्या वाटणीवरून भांडतात, कोपऱ्यात लाल शेडचा दिवा जळतोय. मी त्या दिव्यावर दोन पानं लिहिली. लाल म्हणजे रक्त, रक्त म्हणजे नातं, नात्याला लागलेली आग, वगैरे वगैरे. स्वतःवर बेहद्द खूश होतो. सरांनी टिपण वाचून एवढंच विचारलं, "आई कुठे आहे?"

आई त्याच खोलीत होती. तिचा आवाज चार वेळा येतो, पण तिचा चेहरा एकदाही पडद्याच्या चौकटीत येत नाही. दिसतात ते फक्त हात, तेही कडेला अर्धे कापलेले. प्रसंग पाच वेळा पाहूनही मला हे दिसलं नव्हतं. आणि तो दिवा आधीच्या प्रत्येक भागात तिथेच होता, थट्टामस्करीच्या प्रसंगांतसुद्धा. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

शॉट, कोन, संकलन या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो. त्यात सहसा कुणी अडकत नाही. अडकायला होतं ते प्रतीकांच्या शब्दकोशात. आरसा दिसला की दुभंगलेलं मन, पाऊस आला की शुद्धी, पक्षी दिसला की स्वातंत्र्य. हे अर्थ दर वेळी चुकीचेच असतात असं नाही, म्हणून तर सापळा कळत नाही. गोची अशी की अर्थ डोक्यात आधीच तयार असतो आणि पडद्याकडे आपण फक्त त्याची पावती मागायला जातो. माझी दोन पानं लाल दिवा असलेल्या कुठल्याही प्रसंगाला जशीच्या तशी चिकटवता आली असती. तुमचं वाक्य असं दुसरीकडे चिकटतं का, हे लिहून झाल्यावर एकदा करून बघा. चिकटत असेल तर खोडा. निर्दयपणे खोडा.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हचा प्रयोग तुम्ही ऐकला असेलच: मोझ्झुखिन या नटाचा तोच चेहरा, पण शेजारचा शॉट सुपाच्या ताटलीचा असला की प्रेक्षकाला त्यावर भूक दिसते, शवपेटीचा असला की शोक. ती फीत आज उरलेली नाही आणि शवपेटीत कोण होतं याबद्दल खुद्द कुलेशॉव्ह आणि त्याचा शिष्य पुडोव्हकिन यांच्या सांगण्यातही फरक आहे. तरी मुद्दा पक्का राहतो. अर्थ एकट्या वस्तूत बसलेला नसतो, शेजारी काय ठेवलंय त्यातून तो तयार होतो. मग दिव्याचा अर्थ दिव्यात शोधून काय मिळणार होतं?

'सिटिझन केन' (१९४१) मधला बर्फाचा प्रसंग घ्या. घरात मोठी माणसं एका मुलाचं भवितव्य कागदावर ठरवतायत आणि तो मुलगा मागे, खिडकीबाहेर, बर्फात खेळतोय. ग्रेग टोलंडच्या छायालेखनात पुढची माणसं आणि मागचा मुलगा एकाच वेळी स्पष्ट दिसतात. शब्दकोशवाला इथे 'बर्फ म्हणजे निरागसता' लिहून मोकळा होईल. पण ज्याच्याबद्दल निर्णय चाललाय तोच चौकटीत सगळ्यात लहान आहे आणि त्याला पत्ताही नाही, हे त्या रचनेतच आहे. 'पथेर पांचाली' (१९५५) मध्ये मुलगी गेल्याचं बापाला कळतं तेव्हा आईचा आक्रोश ऐकूच येत नाही, त्या जागी तारशहनाईचा सूर येतो. काय आहे याइतकंच काय काढून घेतलंय तेही बघावं लागतं.

मी आता वहीचं पान दोन भागांत दुमडतो. डावीकडे फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं: कोण चौकटीत, कोण बाहेर, शॉट किती सेकंद, आवाज कुठून. उजवीकडचा, अर्थाचा भाग दुसऱ्यांदा पाहून होईपर्यंत कोरा. एकदा आवाज बंद करून पाहायचं, एकदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐकायचं. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. पहिले काही महिने डावीकडेही 'तो दुःखी दिसतो' असंच लिहिलं जातं. 'दुःखी' हा निष्कर्ष झाला. मान खाली आहे, उत्तर द्यायला वेळ लागतो, ही नोंद.

मालिका पाहताना आणखी एक भान लागतं. सेट कायमचा उभा असतो, दिग्दर्शक भागागणिक बदलू शकतो, आणि जाहिरातींसह दाखवायच्या मालिकेत ब्रेकच्या आधी उत्कंठा ताणलेली असते. त्यामुळे रोज दिसणारी वस्तू सहसा नुसती सोय असते. ती हलली, विझली, गायब झाली की कान टवकारा.

'शेवटाचा अर्थ' समजावणारे व्हिडिओ? टिपण लिहून होईपर्यंत हात लावू नका. मी महिनोन्‌महिने त्यांच्यावरच जगलो आणि माझे डोळे आळशी झाले. मार्गदर्शकांचंही तसंच. जे लगेच अर्थ सांगतात ते वर्गात लोकप्रिय असतात. माझ्या सरांनी वर्षभरात एकाही दृश्याचा अर्थ सांगितला नाही, आणि मला त्यांचा मनस्वी राग यायचा.

तुमचं पहिलं टिपण बहुधा फसेल. फसू दे. ज्याला काहीच सुचत नाही त्याच्यापेक्षा दिव्यावर दोन पानं लिहिणारा बरा, निदान त्याला थांबून बघायची हौस तरी आहे. आणि दिग्दर्शकाच्या मनात हेच होतं का, या प्रश्नाने झोप उडवून घेऊ नका. पडद्यावर बोट ठेवून दाखवता आलं की पुरे.

त्या प्रसंगावर मी पुन्हा लिहिलं, या वेळी सव्वा पान. हात तीनदा येतात: आधी रिकामे, मग घराची किल्ली धरलेले, शेवटी पुन्हा रिकामे. किल्ली कुणाकडे गेली ते भावांनी पाहिलेलं नाही, कारण दोघंही एकमेकांकडे बघतायत. दिवा एका ओळीत आटोपला.