काळ-कामाच्या गणितात अपूर्णांक टाळा

एक काम अ १२ दिवसांत करतो, ब १८ दिवसांत. दोघे मिळून किती दिवसांत करतील? १/१२ + १/१८ च्या वाटेला न जाता आधी १२ आणि १८ चा लसावि काढा: ३६. संपूर्ण काम ३६ भागांचे धरा. मग अ रोज ३ भाग उरकतो, ब २ भाग. मिळून रोज ५, म्हणून ३६ ÷ ५ = ७.२ दिवस.

सरासरी काढून १५ लिहिणारेही असतात. पण मदतीला माणूस आल्यावर काम लांबेल कसे? दोघेही अ-सारखे चपळ असते तर ६ दिवस, ब-सारखे संथ असते तर ९. उत्तर यांच्या मधेच हवे.

अ ४ दिवसांनी निघून गेला तर? २० भाग झाले, उरले १६. ब ला आणखी ८ दिवस.